भागीदार वृत्तात बसत नाही

दुकान, ४ फेब्रुवारी

चि. कविराज यास,

अनेक आशीर्वाद. पत्र संपेपर्यंत त्यातले किती उरतात ते तूच बघ.

तू माझ्यासाठी लिहिलेलं मानपत्र पोचलं. जाड कागद, लाल शाईने आखलेला समास, अक्षर असं की शाळेच्या भिंतीवर लावावं. म्हणून मी ते दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीला मी असा ओरडलो की अस्तराचं कापड बघायला आलेली बाई हातातला तुकडा टाकून पायरी उतरली. तुझ्या वहिनीने वरून विचारलं, कोण गेलं. मी सांगितलं, मी गेलो, आणि माझ्या सख्ख्या भावाने मला यमक जुळवून पुरलं.

दानशूर! अरे, मी दान केव्हा केलं? तू तेव्हा लांब तुझ्या शाळेत पोरांकडून कविता पाठ करून घेत होतास, म्हणून पुन्हा सांगतो. आज सरकारात बसलेली ही मंडळी उठावाच्या वर्षी पहिल्यांदा आली ती मागच्या वखारीत, कापडाच्या ठाणांवर बसली. आपला खिळ्या त्यांना घेऊन आला होता. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस, बोटं काळी आणि जीभ त्याहून काळी. बरोबर एक काडीपैलवान होता, मोडक्या चष्म्याचा. हल्ली तो सचिव आहे आणि चष्मा सोनेरी आहे. मदत करा म्हणाले. मी म्हटलं, मदत मी करत नाही, धंद्यात मी भाग घालतो. तंबूंचं कापड देतो, गणवेशाचं देतो, बूट, छपाईचा कागद, माझा ट्रक, रोकड, सगळं देतो. पण बदल्यात मला काय?

मग मीच सांगितलं. टेकडीवरचा तुरुंग. तुम्ही जिंकाल त्या दिवशी तो बंद. डागडुजी नाही, नवं नाव नाही, बंद. एकेकाने ठाणावर हात ठेवून कबूल केलं. याला भागीदारी म्हणतात.

तोच तुरुंग का, ते तुला तरी सांगायला नको. आपले वडील तिथून परत आले तेव्हा त्यांच्या बोटांत कात्री राहत नव्हती. ती मग माझ्या हातात आली आणि माझं दप्तर तुझ्याकडे गेलं.

हे लोक जिंकले. आज त्या तुरुंगाला पांढरा रंग आहे, फाटक हिरवं आहे, पाटीवर सुधारगृह लिहिलंय, आणि आत पाय ठेवायला जागा नाही. डिसेंबरपासून खिळ्याही आत आहे. गुन्हा काय, तर एका कागदावर एवढंच छापलं की तुरुंग कधी बंद होणार. त्याची छाती तुला माहीतच आहे. जिना चढला तरी भात्यासारखी वाजते.

दान देणाऱ्याने हात जोडून बाजूला व्हायचं असतं. भागीदार विचारतो. म्हणून यांना मी दानशूर हवा आहे. तो शब्द खोड आणि तिथे भागीदार लिही.

लोभ आहेच. शब्द बदलून येईपर्यंत तो कुलूपबंद ठेवला आहे.

तुझा
दादा


शाळेमागची खोली, ११ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार खाली वाकूनच करतो आहे, म्हणजे तुझी चप्पल आली तर वरून जाईल.

तुझे पत्र खिडकीशी बसून वाचले. बाहेर मुलांची सुट्टी झाली होती. तुझे अक्षर पाहिले की मला आधी कापड फाडण्याचा आवाज ऐकू येतो. वडील कापडाला कात्रीचा एकच घाव देत आणि मग दोन्ही हातांनी सरळ फाडत नेत. किती स्वच्छ आवाज होता तो! मी गल्ल्याखाली बसून कविता पाठ करायचो आणि ओळ संपायची तिथेच बरोबर कापड संपायचे. मला वृत्त शिकवले ते शाळेने नव्हे, त्या आवाजाने. तुला हे वेड वाटेल. वाटू दे.

आता शब्दाचे. दादा, मी दोन दुपारी खर्च केल्या. दानशूर म्हणताना पावले कशी पडतात पाहा, गुरू, लघू, गुरू, लघू, जणू कोणी ऐटीत चालले आहे. भागीदारमध्ये ‘गी’ दीर्घ आहे. नेमका तिथे मला लघू हवा. तिथे ओळीला ठेच लागते ती शेवटपर्यंत लंगडते. भागिदार असे ऱ्हस्व करून पाहिले, पण चाळीस वर्षे ज्या चुकीवर मुलांचे कान पिळले ती मी सरकारी मानपत्रात कशी करू? तू आयुष्यभर कापड मोजलेस, मी अक्षरे. मापाबाहेरचा तुकडा तूही ठाणाला जोडून देत नाहीस.

शिवाय तो शब्द मूळ माझा नाही. सचिव स्वतः मोटारीने आला होता. सारी आळी गोळा झाली. माझ्या खाटेवर बसला, माझ्या जुन्या ओळी त्याने म्हणून दाखवल्या, आणि जाताना सांगितले की बाकी सारे तुमच्या मनाचे, दानशूर हा शब्द मात्र राहू द्या. मला वाटले, माणसाला कान आहे.

पण खिळ्या आत आहे हे तू मला आज कळवतोस? माझा एकुलता कवितासंग्रह त्यानेच छापला होता. ‘मंद वारा’च्या जागी ‘मंद म्हातारा’ छापला आणि चूक दाखवल्यावर म्हणाला, अर्थ बिघडत नाही. त्याला भेटायला देतात का? त्याच्या छातीला तिथली थंडी कशी सोसत असेल?

पत्रोत्तर लवकर दे. राग असला तरी दोन ओळी घाल, रागातले तुझे अक्षर जास्त सुवाच्य असते.

तुझाच
धाकटा


दुकान, १७ फेब्रुवारी

चि. कविराज यास,

आशीर्वाद. आज ते शाबूत आहेत, कारण सगळा राग दुसरीकडे खर्च झाला.

त्या सचिवाला कान आहे म्हणतोस. काल तो माझ्याकडे आला. ज्या वखारीत लपला असताना तुझ्या वहिनीने त्याच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून दिली होती, तिच्या दारात उभा राहून म्हणाला की इथे हवा जरा कोंदट आहे. मग मुद्द्यावर आला. एक मार्चला समारंभ. पदक, बँड, मानपत्र. मानपत्रात दानशूर. ते वाचायचं माझ्या भावाने, म्हणजे घरातूनच मान्य आहे असं दिसावं. मी एक अक्षर बोलायचं नाही. आणि त्याच संध्याकाळी खिळ्या घरी. हे सगळं त्याने गिऱ्हाईक मलमल बघतं तसं बोटांत चोळत चोळत सांगितलं. नाही म्हटलं तर काय, ते सांगितलं नाही. फक्त म्हणाला की छापखानेवाल्यांची तब्येत बघता उन्हाळा जड जाईल.

मी त्याला उठवून बाहेर घालणार होतो. हात वर गेलाही होता. तुझ्या वहिनीने जिन्यावरून नुसतं बघितलं.

आज सकाळी खिळ्याला भेटलो. मध्ये दोन जाळ्या. पलीकडे तो, आणि त्याच्या तोंडाशी रुमाल. रुमालावर जे होतं ते मी तुला लिहीत नाही. मी त्याला सौदा सांगितला. त्याला काय आनंद होईल असं मला वाटलं होतं देव जाणे. त्याने मला अशा शिव्या दिल्या की पहारेकरी ऐकत उभा राहिला. म्हणाला, तू तिथे मान खाली घालून उभा राहिलास की आपली भागीदारी तूच बुडवलीस. मग मी तुझं तोंड बघणार नाही.

मी म्हटलं, “नको बघूस. पण जिवंत राहून नको बघूस.”

तेव्हा आता ऐक. शब्द बदलू नकोस. तुझी ओळ लंगडत नाही ना, मग झालं. ये आणि वाच. मला गिळायचं आहे ते मी गिळतो. तू फक्त आवाज चढा ठेव आणि मध्येच रडू नकोस, तुला ती खोड आहे.

लोभाचं नंतर बघू.

दादा


शाळेमागची खोली, २१ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. दादाला लिहायचे धाडस होत नाही, म्हणून तुमच्या पदराआड उभा राहून लिहितो आहे.

मी हे वाचू शकणार नाही. परवा आरशासमोर म्हणून पाहिले. तिसऱ्या ओळीपाशी आलो आणि मला तो सचिव माझ्या खाटेवर बसलेला दिसला. माझ्याच ओळी म्हणून त्याने मला भुलवले, वहिनी. पोराला गोळी देऊन भुलवावे तसे. मुलांना शिकवताना मी सांगत असे की शब्द निर्मळ असतात, माणसे त्यांना मळवतात. आता वाटते, काही शब्द मुळातच दोर घेऊन येतात. दानशूर म्हणायचे आणि माणसाचे तोंड बांधायचे. आणि मी तो दोर वृत्तात बसतो म्हणून खूश झालो होतो!

आयुष्यात मला एवढा संताप आलेला नाही. जेवण जात नाही. दुसरा कोणी वाचू दे. आजारी आहे असे कळवा. दादाची समजूत तुम्हीच घालू शकाल.

आपला
धाकटा दीर


माडीवरून, २४ फेब्रुवारी

श्री. भाऊजींना नमस्कार.

कार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात. तुम्ही आजारी पडलात तर खिळेभाऊजी आतच राहतात. तेव्हा आजारी पडू नका. या, वाचा, आणि संताप नंतर काढा. इथे दोन वेळा संतापच शिजतोय, तुमच्या ताटात वाढीन.

वहिनी


माडीवरून, ६ मार्च

श्री. भाऊजी यांस,

स. न. वि. वि. आधी माझं भांडण. मानपत्र वाचून तुम्ही मंचावरून उतरलात ते थेट बसस्टँडवर गेलात. घरी पाय नाही, घोटभर पाणी नाही. मी कोणासाठी स्वयंपाक केला होता? तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली असेल, कळतं मला. पण लाज ज्यांना वाटायला हवी होती ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

तुम्ही नीट वाचलंत. आवाज एकदाच फाटला. तुमचा भाऊ नव्या ठाणासारखा ताठ उभा होता. पदक वाकडं लावलं तरी त्याने ते सरळ केलं नाही. सचिवाने हात पुढे केला तेव्हा त्याच्या हाताकडे असं बघितलं, जसं काही मापात कमी भरलंय.

संध्याकाळी जीप आली. कोपऱ्यावरच थांबली. खिळेभाऊजी भिंत धरून धरून जिना चढले आणि दारातच उभे राहिले. आत येईनात. तुमच्या भावाला म्हणाले की तू मला विकत घेतलंस. हा म्हणाला, हो घेतलं, आणि फाडलेला माल आमच्याकडे परत होत नाही, आत ये. मग जे सुरू झालं, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. खिळेभाऊजींचं म्हणणं एकच. आत बाकीची माणसं आहेत, त्यातल्या कोणाचा दोस्त कापड दुकानदार नाही. त्यांना सोडून मी एकटा का बाहेर? ओरडता ओरडता खोकल्याने खाली बसले. तेव्हा तुमच्या भावाने त्यांची पाठ चोळली, आणि चोळताना दोघांचं भांडण चालूच. जेवले मात्र पोटभर. तोंड बघणार नाही म्हणाले होते, म्हणून ताटाकडे बघत जेवले.

झोपायच्या आधी तुमचा भाऊ त्यांना एवढंच म्हणाला की मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं ते तू सुटेपर्यंत. आता तू सुटलास.

दुसऱ्या दिवशी तो सचिवाच्या कचेरीत गेला. पदक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, तुरुंग कधी बंद होणार. सचिव म्हणाला की शेठ, दिलेल्या दानाबद्दल विचारायचं नसतं. हा पदक तिथेच टाकून परत आला. मला वाटलं, संपलं. पण भाऊजी, तुम्ही दुकानात वाढलात, तुम्हाला आठवत असेल. ठरलेला माल आला नाही तर आपल्यात कोर्टात जात नाहीत, हातघाईवर येत नाहीत. तगादा लावतात. रोज जायचं, दारात उभं राहायचं, शांतपणे विचारायचं, आणि परत यायचं.

आता तो रोज दुकान बंद करून टेकडीवर जातो. हिरव्या फाटकाशी उभा राहून पहारेकऱ्याला विचारतो, ठरल्याप्रमाणे बंद कधी करताय? पहारेकरी आधी हसला. मग चिडला. काल म्हणे त्याने विचारलं की आजोबा, चढ चढून दम लागत नाही का. हा म्हणाला, लागतो, पण दम मी घरी जाऊन खातो.

मी रागावले आहे. त्याच्यावर नाही. पण दुसरं कोणी घरात सापडत नाही म्हणून त्याच्यावरच काढते. तुम्हीही तुमच्या वाटणीचा घेऊन जा कधीतरी.

तुमची
वहिनी


शाळेमागची खोली, १३ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

वहिनींचे पत्र पोचले. त्यानंतर मी मानपत्र पुन्हा लिहिले. तिसऱ्या ओळीत भागीदार आहे. ओळ लंगडते. मी तिला तशीच चालवली आहे, कारण तूही त्या चढावर तसाच चालत असशील. पुढे तुरुंगाचे नाव घातले, वडिलांची बोटे घातली, ठाणावर ठेवलेले हात घातले. वृत्त असे मोडले आहे की माझ्या वर्गात मी त्याला शून्य दिले असते.

वर्तमानपत्राकडे पाठवले. संपादक माझा विद्यार्थी. त्याने ते परत पाठवले आणि लिहिले की गुरुजी, प्रकृती जपा. मग मी ते माझ्या दारावर चिकटवले. शाळेत येणारी-जाणारी मुले थांबून वाचतात. हेडमास्तर स्वतः सांगायला आले की ते काढा, शाळा अडचणीत येईल. मी म्हणालो की दार माझे आहे. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू फळ्यावरचे चित्र बोलले.

दादा, मला वाटत असे की राग ही तरुणांची वस्तू. म्हातारपणी माणसाने संध्याकाळच्या उन्हाकडे पाहावे आणि जुन्या ओळी गुणगुणाव्यात. मी बराच काळ तेच केले, आणि ऊन सुंदरच होते. पण आता त्या उन्हात मला टेकडी दिसते. आपण लहान असताना आई जेवण घेऊन तिकडे जायची आणि डबा भरलेलाच परत आणायची. ती तेव्हा एक शब्दही बोलत नसे. मला वाटे, ती दमली आहे. ती दमलेली नव्हती रे. ती संतापलेली होती.

तब्येत सांभाळ. खिळ्याला सांग, माझ्या दारावरच्या कागदात एक चूक आहे, ती त्याने येऊन सुधारावी. म्हणजे तो चिडेल आणि त्याला बरे वाटेल.

लोभ तुझ्याकडे कुलुपात आहे, किल्लीची घाई नाही.

तुझा
धाकटा


माडीवरून, २९ मार्च

श्री. भाऊजी यांस,

स. न. वि. वि. पत्र बसून वाचा.

चार दिवसांपूर्वी तुमच्या भावाला फाटकापाशीच धरलं आणि आत नेलं. तब्येत ठीक आहे, मारहाण झालेली नाही, हे आधी सांगते. आता बाकीचं.

झालं असं की त्याचा तगादा बाजारात कळला. आधी बुटांचा व्यापारी बरोबर जायला लागला. उठावाच्या वर्षी त्याचेही बूट गेले होते, त्यालाही दानशूर करून गप्प केलं होतं. मग लोखंडवाला. मग ट्रकवाले दोघे भाऊ. सगळे आपापली दुकानं बंद करून चढ चढायचे, म्हातारे, ढेरपोटे, धापा टाकत, आणि फाटकापाशी ओळीने उभे राहून एकेक जण विचारायचा. घोषणा नाही, झेंडा नाही. पहारेकऱ्याला प्रत्येकाला तेच उत्तर द्यावं लागायचं, आज नाही. सचिवाला ते सहन झालं नाही. गर्दी जमवली म्हणून तुमच्या भावाला उचललं. सोबतच्यांना सांगितलं, घरी जा. ते गेले.

खिळेभाऊजी त्या बातमीने पलंगावरून उठले आणि दुकानात जाऊन बसले. मी नको म्हटलं. म्हणाले की भागीदार आत असला की दुसऱ्याने गादीवर बसायचं असतं. कापड तिरकं फाडतात. गिऱ्हाइकांशी भांडतात. एका बाईला म्हणाले की पडद्याला हा रंग निवडणाऱ्याला अटक व्हायला हवी. तरी गिऱ्हाईक तुटलेलं नाही, उलट नुसतं बघायला येतं. खोकला आहेच. सचिवाने निरोप पाठवला की आम्ही छापखानेवाल्याला पुन्हा हात लावणार नाही, तेवढं तरी लक्षात ठेवा. मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, लक्षात सगळंच ठेवलंय.

मी काल टेकडीवर गेले. भेटायला नाही, भेट देत नाहीत. विचारायला गेले. पहारेकऱ्याने मला लांबूनच बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, आज नाही, आजी. मग इकडे तिकडे बघून हळूच सांगितलं की आजोबा आतून रोज त्याच वेळेला विचारतात, आणि आता त्यांच्या कोठडीतली बाकीची माणसंही विचारतात. आतून एकदम आवाज येतो म्हणे. वरच्या साहेबांनी विचारलं की हा कसला गोंधळ, तर त्याने सांगितलं की साहेब, तगादा आहे.

आज पुन्हा गेले. बुटांचा व्यापारी येऊन उभा होता, मान खाली घालून. थोड्या वेळाने लोखंडवाल्याची बायको आली. नवरा येत नाही म्हणून मी आले, म्हणाली. दुकान त्याचं असलं तरी उठावासाठी पत्रा कापताना गेलेलं बोट माझं आहे, म्हणाली. तेव्हा आता बायका आहोत.

भाऊजी, तुमचं दारावरचं पत्रक इथे कोणीतरी हाताने उतरवून आणलंय. खिळेभाऊजींनी वाचलं. डोळे पुसले आणि म्हणाले, दोन ठिकाणी अनुस्वार चुकलाय. छापतो म्हणाले. मी त्यांना कुलूप लावून ठेवणार होते, पण कुलूप लावणाऱ्यांची गावात कमी नाही, म्हणून सोडून दिलं.

तुमचं कालचं कार्डही मिळालं, येऊ का म्हणून. या. यायला हवंच. कविता सोबत आणू नका, इथे पुरेशी आहे. मात्र येताना एक घडीची खुर्ची आणा. फाटकासमोर बसायला काही नाही, आणि माझे गुडघे तुमच्या भावाइतके हट्टी नाहीत. आणखी एखादी मिळाली तर तीही आणा. उद्या किती जणी येतील सांगता येत नाही.

वाट बघते, आणि बघताना उभी आहे.

तुमची
वहिनी